मत्स्यपेटीतला समुद्र

गोड्या पाण्यातले मासे पाळणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. प्रवाळांच्या आसऱ्याने राहणारे रंगीत सागरी मासे पाळणारी घरे मात्र थोडी. करंजाडेसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला वाटेल, यात अवघड ते काय? खाडी जवळच आहे, दोनचार बादल्या पाणी आणले की झाले! परंतु पनवेलच्या खाडीचे पाणी म्हणजे समुद्राचे पाणी नव्हे. गाढी नदीचे गोडे पाणी तीत मिसळते, पावसाळ्यात तिचा खारेपणा फारच उतरतो, आणि गाळ व सांडपाणी यांची भर निराळीच. प्रवाळांजवळच्या माशाला पाणी स्वच्छ तर हवेच, पण त्याहूनही ते न बदलणारे हवे. समुद्र एवढा अफाट आहे, की एका दिवसात त्याचे तापमान आणि क्षारता फारशी हलत नाही. आपल्या पेटीत हे स्थैर्य आपणच राखावयाचे असते.

समजा, पेटी ६० सेंमी लांब व ३० सेंमी रुंद आहे आणि तीत ३५ सेंमी उंचीपर्यंत पाणी भरले आहे. म्हणजे ६३ लिटर पाणी झाले. तळाचे क्षेत्रफळ ०.१८ चौरस मीटर. तेव्हा केवळ पाण्याचाच भार दर चौरस मीटरला ३५० किलोग्रॅम पडतो. पेटी दुप्पट लांब केली तरी हा आकडा तोच राहील, कारण तो पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो. राहत्या घराची जमीन साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलोग्रॅम भार धरून आखतात. मात्र हा भार सबंध खोलीवर पसरलेला धरतात. त्यामुळे छोटी पेटी भिंतीलगत भक्कम टेबलावर चालते. दोनतीनशे लिटरांची पेटी मात्र अभियंत्याचा सल्ला घेतल्यावाचून वरच्या मजल्यावर ठेवू नये.

आता मीठ. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हिशेबाच्या सोयीसाठी लिटरला ३५ ग्रॅम धरू. ६३ लिटरांना २२०५ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन किलोला थोडे कमी. हे स्वयंपाकाचे मीठ चालेल का? नाही. ३५ ग्रॅमपैकी क्लोराइड व सोडियम मिळून सुमारे ३० ग्रॅम होतात. उरलेल्यांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम ही मंडळी येतात. उरण-पेणच्या बाजूची मिठागरे तुम्ही पाहिली असतील. तेथे पाणी आटू लागले की कॅल्शियमचे क्षार आधी खाली बसतात, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडवट पाण्यात राहतात. मिठागराचे खडे मीठ हा समुद्रातून निवडून काढलेला एक भाग आहे. तो पाण्यात विरघळवून समुद्र परत मिळत नाही. म्हणून सर्व क्षार योग्य प्रमाणात असलेले मत्स्यालयासाठीचे तयार मिश्रण विकत घ्यावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जाण्यासाठी पाणी आधी एक दिवस उघडे ठेवावे. मिश्रण बादलीत पुरते विरघळवून मगच ते पेटीत ओतावे.

क्षारता मोजण्यास हायड्रोमीटर लागतो. तो नसेल तर शाळेच्या प्रयोगशाळेतील दूध तपासण्याचा लॅक्टोमीटर मागून घ्या. त्यावरील २५ ही खूण म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५, आणि समुद्राचे पाणी याच खुणेच्या आसपास असते! अगदी अचूक माप यातून मिळणार नाही, पण रोजचा फरक कळेल.

सगळ्या खटाटोपाचे मर्म पुढे आहे. करंजाडेत मे महिन्याच्या दुपारी हवा ३५ अंशांच्या आसपास जाते. या पेटीला २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. साधा उपाय म्हणजे पृष्ठभागावर लहान पंखा सोडणे. त्याने दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडून गेले असे धरा. ते झाले ०.९ लिटर. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि ती बरीचशी पेटीतल्याच पाण्यातून घेतली जाते. बाहेरून उष्णता आत आलीच नाही, तर ६३ लिटर पाणी एवढ्याने सुमारे ८ अंशांनी थंड व्हावे. प्रत्यक्षात खोलीची उष्णता सतत आत येत असते, त्यामुळे काही अंशांचाच फरक पडतो. माठातले पाणी गार होते ते याच न्यायाने.

पण माठात मीठ नसते. पेटीतून वाफ जाते ती निव्वळ पाण्याची. मीठ मागेच राहते. आठवड्यात ६.३ लिटर पाणी गेले, म्हणजे दहावा भाग गेला, आणि क्षारता ३५ वरून जवळजवळ ३९ झाली. येथे पुष्कळांची फसगत होते. पाणी कमी झालेले पाहून ते खारे पाणीच भरतात. दर आठवड्याला ६.३ लिटर खारे पाणी म्हणजे सुमारे २२० ग्रॅम जादा क्षार. दहा आठवड्यांत पेटीतील क्षार दुप्पट! काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ मारून ठेवा, आणि उडालेले पाणी रोजच्या रोज गोड्या पाण्याने भरून काढा. खारे पाणी भरायचे ते पेटीतले जुने पाणी काढून टाकल्यावरच, जेवढे काढले तेवढे.

थोडाफार बदल मासा सोसतो. समुद्राचे पाणी पिऊन जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकण्याची सोय त्याच्या शरीरात असते. तारामासा, प्रवाळ यांच्यापाशी ती सोय नाही, म्हणून आधी तेच दगावतात.

प्राणवायूकडेही लक्ष हवे. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, समुद्राच्या पाण्यात ६.८ च. हवेचा पंप बंद ठेवून चालत नाही. वीज जाते त्या घरी बॅटरीवर चालणारा पंप हाताशी असावा.

पेटी भरली की लगेच मासे सोडू नका. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया बाहेर पडतो आणि तो विषारी असतो. काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट बरेच कमी घातक असते. हे जीवाणू सच्छिद्र दगडांवर व गाळणीत वस्ती करतात, आणि त्यांची वाढ पुरी होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या पेटीत चिमूटभर खाद्य टाकीत राहावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आली, असे चाचणीत दिसल्यावर पहिला मासा आणावा. घाई करणाऱ्याचे मासे पहिल्याच पंधरवड्यात मरतात आणि दोष दुकानदाराला दिला जातो.

मग प्रवाळ? समुद्रातून ते आणू नयेत. खडक रचणारे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली समावेश झाला. वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना आहे. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडाही खिशात घालू नका. समुद्रघोड्यालाही कायद्याचे संरक्षण आहे. जीवाणूंच्या वस्तीसाठी भाजलेल्या मातीचे सच्छिद्र तुकडे पुरतात. पट्ट्यापट्ट्यांचा क्लाउन मासा मात्र पाळता येतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास बंदिस्त टाक्यांत करून दाखविली आहे. टाकीत जन्मलेलाच मासा मागा. तो पेटीत लवकर रुळतो आणि समुद्रातला एक मासाही कमी होत नाही. ६३ लिटरांना अशी एक जोडी पुरे.

जिवंत प्रवाळ पाहावयाचे असतील तर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या पाण्यात पाहावे. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. पावसाळा सरून पाणी निवळले, की जाणकार माणसाबरोबर मुखवटा लावून पाण्यात डोकावावे. पाय मात्र प्रवाळावर टेकू देऊ नये.