लॉन लावताय? आधी मे महिना आठवा

जन्मभर जिच्या नावानं खडे फोडले, त्याच हरळीसाठी शेतकरी आता पैसे मोजू लागलाय. मळ्यात कृषी पर्यटनाच्या चार खोल्या बांधल्या किंवा रस्त्याकडेचं रान मंगल कार्यालयाला दिलं, की पुढ्यात लॉन हवंच. मग उरुळी कांचनकडच्या एखाद्या नर्सरीत जायचं, हात फिरवायचा आणि सगळ्यात मऊ लागेल ते गवत टेम्पोत भरायचं. गफलत होते ती इथंच. नर्सरीतलं गवत रोज पाणी पिऊन बसलेलं असतं. तुमच्या जागेवर त्याला मे काढायचाय.

हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर. एक गुंठा म्हणजे साधारण 100 चौरस मीटर. रोज 5 मिलिमीटर द्यायचं म्हटलं तर गुंठ्याला 500 लिटर लागतात, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तेवढंही कमीच पडतं. विहिरीचा तळ दिसत असताना हे पाणी कुठून आणणार? खात्री नसेल तर मुकाट्यानं हरळी लावा. पाणी तोडलं की ती वाळते, पण जमिनीखालची कांडी जिवंत राहतात आणि मृगाच्या दोन सरी झाल्या की पुन्हा फुटतात. खुरपं हातात धरलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

हरळीला सावली मात्र सोसत नाही. दिवसाचं सहा तास तरी ऊन हवं. आंब्याखाली लावली तर ती उंच, विरळ होते आणि शेवटी माती उघडी पडते. अशा जागी रुंद पानांचं कार्पेट ग्रास बरं. कोकणात नारळाखालच्या दमट सावलीत ते छान पसरतं. देशावर त्याला उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं. दाट सावलीत कुठलंच गवत नको, सरळ फरशी किंवा खडी टाका.

मेक्सिकन, कोरियन या नावांनी मिळणारं बारीक गवत बहुधा झोयसिया प्रजातीतलं असतं. दिसायला देखणं आणि कापणी कमी, पण वाढ संथ. लग्नाच्या पंगतीनं तुडवलं की भरून यायला फार वेळ घेतं. घरापुढच्या तुकड्याला ते चालेल, कार्यालयाला हरळीच. रायग्रास, फेस्क्यू यांच्या बियांची पाकिटंही हल्ली घरपोच येतात. ही थंड हवेची गवतं. हिवाळ्यात डोळे निवतील, एप्रिलमध्ये करपतील. उलट निफाडसारख्या थंडीच्या पट्ट्यात हरळी डिसेंबर-जानेवारीत पिवळसर पडते. ती मेली समजून युरिया फेकू नका, नुसती थांबलेली असते.

लागण पाऊस लागता लागता करा, पण मशागत त्याआधीच उरका. जागा एक फूट खणा, भिजवा, तण उगवू द्या, मुळासकट काढा आणि पुन्हा भिजवा. दोन वेळा तरी हे करायला हवं. काळ्या जमिनीत पाणी तुंबतं, म्हणून 100 फुटाला एक फूट उतार ठेवा आणि वरचा थर निचऱ्याच्या मातीचा द्या. शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या. कच्च्या खतातून हुमणी आली तर गवताची मुळं जातात आणि लॉन चटईसारखं हातात येतं. हरळीचे तुकडे चार बोटांवर डोबले तरी पावसाळ्यात जागा भरते. हरळीच्या तयार कार्पेटपेक्षा हे कितीतरी स्वस्त.

तरी तयार कार्पेटच घ्यायचं असेल तर टेम्पो उतरवण्याआधी चारपाच तुकडे उलटे करून बघा. मातीत लव्हाळ्याच्या काळपट मण्यांसारख्या गाठी दिसतात का? वर वेगळा कोंब दिसला तर त्याची दांडी बोटांत फिरवा. हरळीची गोल लागते, लव्हाळ्याच्या दांडीला तीन कडा लागतात. त्या लागल्या तर माल परत पाठवा, भाडं अंगावर पडलं तरी.