आधी बीपी, मग चहा


कुरुंदवाडात काय, आसपासच्या गावांत काय, गटाची बैठक म्हटली की चहा आलाच. त्याच दिवशी सिस्टर बीपी मोजायला आल्या, तर आधी काय करायचं? उत्तर चहातल्या कॅफिनमध्ये आहे.

आपल्या शरीरात अॅडेनोसिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो बहुतेक रक्तवाहिन्या सैल करतो. कॅफिन त्याची जागा अडवतं, मग रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. पिकाला पाणी पाजताना पाईपचं तोंड अंगठ्यानं दाबलं की मागं पाईप ताठ होते ना, तसा रक्ताचा दाब काही वेळ वाढतो. रोज चहा पिणारीला हा फरक कमी जाणवतो.

हरतालिकेच्या निर्जळी उपवासाला डोकं का ठणकतं? भूक-तहान असतेच, शिवाय कॅफिन बंद झाल्यानं मेंदूच्या रक्तवाहिन्या पसरतात. म्हणून चहा कमी करायचा तर हळूहळू करा.

लक्षात ठेवा :
१. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, मिश्री नको.
२. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा.
३. आकडा 140/90 किंवा जास्त आला, तर ‘चहामुळं असेल’ म्हणून सोडू नका. पुन्हा मोजा, डॉक्टरांना दाखवा.
४. चालू गोळी मनानं बंद करू नका.
५. गरोदरपणी चहा-कॉफी कमीच.

पुढच्या बैठकीला किटली जरा उशिरा चढवा. आधी बीपी, मग चहा!