कादंबरीविषयी मत देणे

कादंबरी ‘आवडली’ एवढे म्हटल्याने मत सिद्ध होत नाही. ती का आवडली, हेही सांगावे लागते. जबलपूरचे हिंदी व्यंगलेखक हरिशंकर परसाई (निधन १९९५) यांची ‘रानी नागफनी की कहानी’ ही कादंबरी पाहू. तिचा थाट जुन्या राजा-राणीच्या गोष्टीचा आहे. एखादा वाचक तीत केवळ गंमत पाहील. दुसरा म्हणेल, ‘यातला राजपुत्र परीक्षेत नापास होतो, तेव्हा लेखकाचा रोख आपल्याच काळावर आहे.’ दुसऱ्याने कथेतील प्रसंग पुरावा म्हणून पुढे ठेवला. त्यामुळे त्याचे म्हणणे तपासता येते, खोडताही येते. आणि पहिल्यालाही आपण कशाला हसलो, हे पुन्हा वाचून पाहावेसे वाटते. वाचकांच्या परस्पर चर्चेचे खरे फळ हेच होय.