नगरातील वृक्ष व नगरसंस्थेचे कर्तव्य

वाराणसीच्या अस्सी घाटावर एक मोठा पिंपळ असून त्याच्या छायेत शिवलिंग आहे. अशा वृक्षावर कुऱ्हाड चालविण्याचे धैर्य सहसा कोणास होत नाही. परंतु वृक्षाचा नाश केवळ कुऱ्हाडीनेच होतो असे नाही. नगरसंस्थेचे वृक्षविषयक कर्तव्य समजून घ्यावयाचे तर ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

वृक्षाची सर्व मुळे जमिनीत फार खोल जातात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः पाणी व क्षार शोषणारी बहुतेक बारीक मुळे भूपृष्ठाखालच्या हातभर थरातच असतात, आणि ती पर्णभाराच्या घेराबाहेरही पसरतात. मुळे सजीव असल्यामुळे त्यांनाही श्वसनास प्राणवायू लागतो. तो मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून मिळतो. बुंध्यालगत फरशी अथवा सिमेंट घातले की पावसाचे पाणी वरच्यावर वाहून जाते, माती दडपली जाते व मुळे गुदमरतात. वृक्ष तत्काळ मरत नाही. प्रथम शेंड्याकडील फांद्या वाळतात. पुढे एखाद्या वादळात तो उन्मळून पडतो आणि दोष मात्र वाऱ्यास दिला जातो. आपल्याकडील पाराचेच पाहा. आतील माती उघडी असेल तर पार वृक्षाचे रक्षण करतो. वर फरसबंदी केली की तोच त्याचा फास होतो.

2013 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील वृक्षांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो याच कारणास्तव. मीटरभर जागा पुरेशी नव्हे, हे वरील विवेचनावरून वाचकांच्या लक्षात आलेच असेल. तथापि आरंभ म्हणून ती स्वागतार्ह आहे.

तोडीपुरता कायदा आहे. उत्तर प्रदेशाने 1976 साली वृक्षसंरक्षणाचा अधिनियम करून तोडीसाठी अनुमतीची अट घातली. 1992 च्या घटनादुरुस्तीने नागरी वनीकरण हा विषय नगरसंस्थांच्या कार्यसूचीत आला. महाराष्ट्रात 1975 च्या अधिनियमान्वये नगरसंस्थेत वृक्ष प्राधिकरण असते व दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावयाची असते. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक वर्षांचा वृक्ष 'वारसा वृक्ष' ठरला, आणि तोडलेल्या वृक्षाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन आले. मात्र साठ वर्षांच्या वडाची छाया साठ रोपे उद्या देऊ शकत नाहीत. म्हणून असलेला वृक्ष टिकविणे, हेच खरे काम.

काशीत नगरसंस्थेपुढे याच्या उलटही एक प्रश्न असतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे बी जुन्या भिंतींच्या भेगांत पडते व तेथेच रुजते. मुळे जाड होत गेली की चिरे सरकतात. सारनाथ येथे 1931 साली लावलेल्या बोधिवृक्षास कठडा घालून जपावे आणि त्याच जातीचे रोप घाटावरील भिंतीतून उपटावे, यात विसंगती नाही. स्थान पाहून निर्णय करावा लागतो. असे रोप वीतभर असतानाच मुळासकट काढून फट चुन्याने बुजवावी. नुसता शेंडा छाटल्यास मूळ जिवंत राहते व पावसाळ्यात त्यास पुन्हा धुमारे फुटतात.