सर्व्हर व्हेंडरकडे, जबाबदारी कोणाकडे?

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक. गेल्या निवडणुकीत आमच्या तालुक्यातल्या नागरी सहकारी बँकेवर संचालक म्हणून निवडून आलो. येत्या सभेपुढे ‘सायबर सुरक्षा धोरणास मंजुरी देणे’ हा विषय आहे. इंग्रजी धोरणाचा जाडजूड गठ्ठा कालच हातात पडला. आयटी अधिकारी म्हणतात, “सर, आपलं सगळं व्हेंडरच्या डेटा सेंटरमध्ये आहे, आपल्याला काळजी नाही. फक्त ठराव हवाय.” लेखापरीक्षकांनी मात्र ‘कर्मचारी एकमेकांचे पासवर्ड वापरतात’ असा शेरा मारला आहे. उद्या काही घडलं तर आम्हा संचालकांच्या घरादारावर येईल का?
– एक संचालक, सातारा जिल्हा

उत्तर : येऊ शकतं, पण केवळ चोरी झाली म्हणून नाही. तुमची बँक महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेली असेल, तर कलम 88 नीट वाचा. विश्वासघातामुळे किंवा कर्तव्यातल्या गैरकृत्यामुळे संस्थेचं नुकसान झालं, तर ते व्यवस्थापनात असलेल्या व्यक्तींकडून वसूल करण्याचा आदेश निबंधक देऊ शकतात. (बहुराज्यीय बँक असेल तर कायदा वेगळा.) सगळी मेख तुम्हाला काय माहीत होतं आणि तुम्ही काय केलं, यात आहे. पासवर्डचा शेरा आता कागदावर आला आहे. तो सभेपुढे ठेवून ‘नोंद घेतली’ एवढंच लिहून तुम्ही पुढच्या विषयाकडे वळलात, तर उद्या ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ हा बचाव उरणार नाही. त्यामुळे हा विषय धोरणाच्या आधी घ्या.

हा शेरा प्रत्यक्षात कसा दिसतो ते शाखेत जाऊन पाहा. शाखाधिकारी रजेवर असतात, काउंटरवर रांग असते, आणि क्लार्क स्वतःच्या आयडीने नोंद करून साहेबांच्या आयडीने तीच मंजूर करतो. पासवर्ड कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर असतो. नोंद करणारा (मेकर) आणि ती मंजूर करणारा (चेकर) एकच माणूस झाला की कितीही महागडं सॉफ्टवेअर घ्या, उपयोग शून्य. सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्यांचे आयडी अजून चालू आहेत का, तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी उत्तर देताना अधिकारी खाली बघतात.

‘सगळं व्हेंडरकडे आहे’ हे वाक्य तर सभेत खपवूनच घेऊ नका. 31 जुलै 2024 ला सी-एज टेक्नॉलॉजीज या तंत्रसेवा कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्यावर देशातली किरकोळ देयक यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला त्या यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं. तिच्या भरवशावर असलेल्या सुमारे 300 लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडकले. त्या बँकांच्या स्वतःच्या संगणकांना कोणी हातही लावला नव्हता. काम व्हेंडरला देता येतं. रिझर्व्ह बँकेला आणि ठेवीदाराला उत्तर मात्र तुमच्याच बँकेला द्यावं लागतं. करारात तीन गोष्टी शोधा : त्यांची तपासणी करण्याचा तुमचा हक्क, घटना घडल्यावर ते तुम्हाला किती तासांत कळवणार, आणि करार संपल्यावर विदा परत कशी मिळणार. कळवण्याची मुदत महत्त्वाची आहे, कारण सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते आणि संगणकीय नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात. करारात व्हेंडरला 24 तास दिलेले असतील, तर चोरी झाल्याचं तुम्हाला दुसऱ्या दिवशी कळेल.

सुट्टीच्या दिवशी फोन कोण उचलणार, हेही विचारा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला 11 ऑगस्ट 2018 ला झाला. तो दुसरा शनिवार होता. चोरांनी बँकेची मूळ कोअर बँकिंग प्रणाली (सीबीएस) फोडलीच नाही. एटीएमच्या विनंत्या बँकेकडे जाण्याआधीच एका बनावट यंत्रणेकडे वळवल्या आणि तिथूनच परस्पर ‘मंजूर’ असं उत्तर दिलं. बनावट कार्डांनी 28 देशांतून पैसे निघाले. सोमवारी स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश यंत्रणेमार्गे आणखी 13.92 कोटी हाँगकाँगला गेले. एकूण फटका सुमारे 94 कोटींचा. मला यातला सोमवार जास्त बोचतो, कारण मधे अख्खा रविवार मोकळा होता.

आता धोरणाकडे. रिझर्व्ह बँकेने नागरी बँकांसाठी ऑक्टोबर 2018 मध्ये प्राथमिक चौकट आणली आणि 31 डिसेंबर 2019 च्या परिपत्रकाने बँकांचे चार स्तर केले. मोबाइल बँकिंग, स्वतःचा एटीएम स्विच, स्विफ्ट अशा सोयी वाढतात तसे नियम कडक होतात. आपली बँक कोणत्या स्तरात बसते, हे आयटी अधिकाऱ्यांना सभेत तोंडी सांगायला लावा. ते अडखळले, तर धोरण दुसऱ्या बँकेच्या फायलीतून उचललेलं आहे असं खुशाल समजा. अगदी पहिल्या स्तरालाही सीबीएस उघडताना पासवर्डशिवाय दुसरी, दर वेळी बदलणारी पडताळणी लागते, आणि बँकेच्या स्वतःच्या नावाचा ईमेलही. शाखा अजून फुकटच्या ईमेलवर खात्यांची माहिती पाठवत असतील तर तेवढं आधी थांबवा.

येत्या सभेत विरोध करायची गरज नाही. मराठीत दोन पानी सारांश मागा, विषय पुढच्या सभेवर घ्यायला सांगा, आणि पासवर्डच्या शेऱ्यावर कोण काय करणार, कोणत्या तारखेपर्यंत, असा वेगळा ठराव करून घ्या. तुम्ही विचारलेले प्रश्न इतिवृत्तात शब्दशः आले आहेत का, ते पुढच्या सभेत कायम करण्याआधी वाचा. इतिवृत्त ‘सर्वानुमते मंजूर’ या दोन शब्दांत गुंडाळलेलं दिसलं, तर तिथेच लेखी हरकत द्या.

सायबर विम्याचा प्रस्तावही बहुधा येईलच. जरूर घ्या. मात्र प्रस्ताव अर्जात ‘दुहेरी पडताळणी आहे का’ यासारख्या प्रश्नांपुढे खरं काय लिहिलंय ते सही होण्याआधी पाहा. तिथे ‘होय’ आणि लेखापरीक्षण अहवालात ‘नाही’ असं निघालं, तर दावा फेटाळायला विमा कंपनीला तेवढं पुरतं.