अर्ध्या कामाचा पूर्ण दिवस

पाच वर्षं मी कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवलं. आठवड्याला नऊ तासिका, प्रत्येकी ४८ मिनिटांची. एकदा हिशेब मांडला, तर आठवड्याचं शिकवणं भरलं सात तास बारा मिनिटं. सेट परीक्षा पास झालेल्या बाईला एवढंच काम, आणि तरी संध्याकाळी एसटीतून उतरताना अंगात त्राण नसायचं.

दिवस जायचा तो दोन तासिकांच्या मधल्या वेळेत. एक तासिका साडेआठला, दुसरी साडेबाराला. मध्ये स्टाफरूम, चहा, जागा कधी निघणार याची चर्चा. कुणीतरी नॅकची फाइल हातात द्यायचं. भरती जाहीर झाली की जोमाने लागू, असं म्हणत पीएच.डी.चा प्रबंध पडून राहिला. नोंदणीपासून सहा वर्षांत तो सादर करायचा असतो. माझी चार वर्षं दोन प्रकरणांत संपली.

खरा फटका एका मुलाखतीत बसला. पाच वर्षांचा अनुभव आहे म्हटल्यावर नियुक्तीपत्रं मागितली गेली. माझ्याकडे दोनच वर्षांची निघाली. तासिकेची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, दरवर्षीचं पत्र वेगळं असतं. ती पत्रं मी वेळच्या वेळी मागून घेतलीच नव्हती. तीन वर्षांचं शिकवणं त्या दिवशी मोजलं गेलं नाही.

माझ्यासारखं तुमचं होऊ नये म्हणून सांगते.

सकाळचे सहा ते आठ स्वतःच्या अभ्यासाला द्या, तासिका असो वा सुट्टी. मधल्या मोकळ्या वेळेचं काम आदल्या रात्रीच वहीत लिहा: ‘दहा ते साडेअकरा, ग्रंथालय, तिसऱ्या प्रकरणाच्या नोंदी.’ काम ठरलेलं नसलं की तो वेळ दुसरंच कुणीतरी घेऊन जातं. वरचं काम आलं तर नाही म्हणायला अवघड जातं, हे मला ठाऊक आहे. पण ‘साडेअकरानंतर करते’ एवढं म्हणता येतं.

कागदांची एकच फाइल ठेवा, वर्षवार: नियुक्तीपत्र, विद्यापीठाची मान्यता, अनुभव प्रमाणपत्र, मानधन जमा झाल्याची पासबुकातली नोंद. सत्र संपायच्या आत मागून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मानधन महिनोन्‌महिने रखडतं आणि मग एकदम येतं. आलं त्याच दिवशी बारा महिन्यांत वाटून ठेवा. मे महिन्यात तासिका नसतात, घरभाडं मात्र असतं.

प्रबंध मी सहाव्या वर्षी सादर केला. कायम नोकरी अजून नाही, पण दिवस हातात आहे. तुम्ही तासिकेवर असाल, तर याच आठवड्यात ऑफिसात जाऊन मागच्या प्रत्येक वर्षाचं पत्र मागा. तुम्हाला ओळखणारे लिपिक अजून त्या टेबलावर आहेत, तोवरच ते सहज मिळेल.