डिपॉझिट परत मागायला गेलो तेव्हा

मुलाला अवसरीच्या शासकीय इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, म्हणून मंचरला दोन खोल्या घेतल्या. डिपॉझिट 20 हजार. करार नोंदवून घेऊ, असं मीच म्हणालो होतो. मालक हसले. "पाव्हणं, अकरा महिन्यांच्या कराराला कसली नोंदणी? नोटरी चालती की." पोलीस ठाण्याच्या फॉर्मवर सह्या घेतल्या, म्हणाले, झालं सरकारी काम.

खोल्या सोडल्या तेव्हा यांनी वही काढली. रंगाचे 12 हजार, नळाचे दोन. नळ आम्ही यायच्या आधीपासून गळत होता, राहायला आलो त्याच दिवशी फोटो पाठवला होता. तो दाखवला तर म्हणे, चष्मा नाही. वही मात्र बिनचष्म्याची घडाघडा वाचत होते! वर शेवटच्या आठवड्यात टाकीचा कॉक बंद. भाडेकरूचं पाणी-वीज असं तोडायला कायद्यानं मनाई आहे.

घोडेगावच्या वकिलांनी विचारलं, "करार नोंदवला का?" वाटलं, संपलं सगळं. तर उलटंच निघालं. राज्याच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, मालकानं ते खोटं ठरवेपर्यंत. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. नोटीस गेली आणि 14 हजार मुकाट्यानं खात्यावर आले. बाकीचे सहा अजून येतायत.

यांच्या डोक्यात अजून 1947 चा जुना कायदा: भाडेकरू घुसला की निघत नाही. अहो, नोंदवलेला करार असेल तर मुदत संपल्यावर न हलणाऱ्याकडून दुप्पट भाडं मागता येतं. फायदा तुमचाच होता! खर्च तरी किती? मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर दहा टक्के व्याज धरतात. नोंदणी फी गावात 500, पालिका हद्दीत 1000.

भाडं रोख देऊ नका, दिलंत तर पावती घ्या. पोलिसांचा फॉर्म म्हणजे करार नव्हे. रंगाचा खर्च कुणाचा, हे करारात लिहूनच घ्या. दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट नको, असं केंद्राचा 2021 चा आदर्श भाडेकरू कायदा म्हणतो. पण राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो मंचरच्या मालकाला दाखवून उपयोग नाही. माणसं पारखून घ्या म्हणतात. आमचे मालक तर पहिल्या दिवशी चहा-पोहे देऊन बसवणारे होते.